'विट्स' म्हणजे काय? आणि जबड्यांचा 'समतोल' की 'मेळ'?

प्रश्न : दात सरळ करण्याआधी काढलेल्या बाजूच्या एक्स-रेच्या रिपोर्टात 'एएनबी ५ अंश, विट्स उणे १ मिमी' असं होतं. 'विट्स'चा अर्थ काय? याला 'जबड्यांचा समतोल' म्हणावं का?

उत्तर १ : इंग्रजी 'विट'शी, म्हणजे विनोदबुद्धीशी, याचा संबंध नाही. जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठाला तिथे सगळे 'विट्स' म्हणतात, त्यावरून हे नाव. दंततज्ज्ञ जेकबसन यांनी जबड्यांचं आपसातलं नातं मोजायची ही पद्धत १९७५ मध्ये मांडली. वरच्या जबड्याच्या पुढच्या वळणातला सर्वांत खोल बिंदू 'ए', खालच्याचा 'बी'. दोन्हींपासून दात मिटतात त्या रेषेवर लंब टाकायचे आणि त्यांतलं अंतर मोजायचं. ए पुढे तर अधिक, बी पुढे तर उणे. बायकांत साधारण ०, पुरुषांत उणे १.

एएनबी मात्र कोन आहे. नाकाच्या मुळाशी, कपाळाचं हाड जुळतं तो बिंदू 'एन'. तिथून ए आणि बीकडे जाणाऱ्या रेषांमधला कोन साधारण २ अंश. ४ च्या वर गेला की खालचा जबडा मागे किंवा वरचा पुढे, ०च्या खाली गेला की उलट.

उत्तर २ : तुमच्या रिपोर्टात एएनबी ४ च्या वर, पण विट्स नेहमीच्या आकड्याजवळ; दोघांचं पटत नाही, ते पुढच्या कारणाने असू शकतं. एन मागे असेल किंवा जबडे खाली-मागे फिरलेले असतील, तर जबड्यांचं आपसातलं नातं ठीक असूनही एएनबी फुगतो. विट्स एनवर अवलंबून नाही. पण दातांची रेषा चुकीची आखली की तोही फसतो. दुधाचे आणि पक्के दात मिसळलेले असताना हे हमखास होतं. रेषा दाढा-उपदाढांवरून काढा, पुढच्या दातांवरून नको.

उत्तर ३ : 'समतोल' म्हटलं की तराजूची दोन्ही पारडी सारखी, असं वाटतं. इथे तर एएनबीनुसार वरचा थोडा पुढे असणं हेच ठीक. म्हणून 'मेळ' बरा. आणि 'हनुवटी मागे' म्हणजे 'खालचा जबडा मागे' नव्हे. संस्कृतात 'हनु' म्हणजे जबडा, मराठीत हनुवटी म्हणजे फक्त टोक. बी बिंदू त्या टोकाच्या वर असतो, त्यामुळे ठसठशीत हनुवटी मागे राहिलेला बी झाकून टाकते.

उत्तर २ : एक राहिलं. विट्स मिमीत असल्यामुळे एक्स-रेतल्या पट्टीवरून माप जुळवून घ्या. प्रतिमा मोठी झाली तरी कोन बदलत नाही, अंतर बदलतं.