कोल्हापुरीचा तळ वाळताना वाकतो, वादी तुटते, काळे डागही पडतात. उपाय काय?

प्रश्न
बाभळीची साल आणि हिरड्यात कमवलेलं म्हशीचं चामडं आणून घरी साधी कोल्हापुरी शिवतोय. खिळे नाहीत, शिलाई चामड्याच्याच वादीची, म्हणजे बारीक पट्टीची. तळाचे थर शिवून वाळायला ठेवले की कडा वर येतात. वादी ओढताना मधेच तुटते. आरीच्या (भोकं पाडायच्या टोच्याच्या) भोकांभोवती काळे डागही पडतायत. चामडं भिजवायचं किती आणि वादी कापायची कुठून, हे जरा मापात सांगाल का?

रापीवाला
तळाचं आधी. दोन्ही थर सारखे ओले नसले किंवा एक पाठीचा आणि एक पोटाकडचा असला, की वाळताना एक जास्त आकसतो आणि दुसऱ्याला ओढतो. पाठीचं चामडं घट्ट असतं, पोटाचं सैल. दोन्ही तळ पाठीचेच घ्या, पोटाचे तुकडे टाचेच्या आतल्या भरीला वापरा.

साध्या पाण्यात बुडवा. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढा, ३-४ मिमी जाडीला साधारण १०-१५ मिनिटं लागतात. मग लगेच हात लावू नका. ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा, म्हणजे ओल आतपर्यंत सारखी मुरते. कोरड्या चामड्याचा रंग जवळजवळ परत आलाय, पण गालाला लावलं तर गार लागतंय, अशा वेळी कापायचं आणि ठोकायचं. याहून ओलं असताना ठोकलं तर नुसतं पसरतं. ठोकणं टाळू नका, तळ घट्ट होतो तो त्यानंच. शिवून झाल्यावर फळीखाली वजन ठेवून सावलीत दोन दिवस वाळवा. उन्हात अजिबात नको, वरचा थर आधी आकसतो आणि तडकतो.

वादी आणि वेणी (दुसरं उत्तर)
वादी पाठीच्या कण्याला समांतर, सरळ कापा. गोल तुकड्यातून चक्राकार कापली की लांब निघते खरी, पण तिची ताकद जागोजागी बदलते. शिलाईला रुंदी ३ मिमी, जाडी सव्वा ते दीड मिमी पुरे. भिजवा आणि शिवण्याआधीच दोन्ही हातांनी जोरात ताणा. कच्ची जागा असेल तर तिथेच तुटेल, अर्ध्या शिलाईत नाही. टोक रापीनं (चामडं कापायच्या सुरीनं) तिरपं तासून अणकुचीदार करा.

भोक वादीपेक्षा किंचित लहान हवं. ओली वादी दाबून जाते आणि वाळली की घट्ट बसते. कडेपासून ८ मिमी आत, दोन भोकांत ७-८ मिमी अंतर. भोकं याहून जवळ घेतली तर तळ पोस्टाच्या तिकिटासारखा त्या ओळीवर फाटतो. अंगठ्याची खाच सर्वांत शेवटी, पाय ठेवून खूण केल्यावरच पाडा.

रापीवाला
काळे डाग लोखंडाचे आहेत. सालीतलं टॅनिन (चामडं कमवणारं तुरट द्रव्य), पाणी आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग धरतो. आरी सारखी पुसत राहा, ओलं चामडं लोखंडी ऐरणीवर न ठेवता दगडी लादीवर ठेवा. ताज्या डागावर लिंबाचा रस लावून लगेच ओल्या फडक्यानं पुसलं तर बराचसा फिका होतो.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. चामडं खरंच सालीत कमवलेलं आहे की क्रोमचं (क्रोमियमच्या क्षारांत कमवलेलं), हे घरी ओळखता येतं का? आणि तेल कधी द्यायचं?

वादी आणि वेणी
नखाएवढा तुकडा मिनिटभर उकळत्या पाण्यात टाका. सालीचं आकसून कडक होतं, क्रोमचं जवळपास तसंच राहतं. कापलेल्या कडेत निळसर छटा दिसली तरी क्रोमचा संशय घ्या. क्रोमचं चामडं ओलं करून ठोकलं तरी नीट आकार धरत नाही, त्यामुळे भिजवण्या-ठोकण्याचं वर सांगितलेलं त्याला लागू पडणार नाही.

तेल पूर्ण वाळल्यावरच. एरंडेलाचा पातळ हात पट्टा, कान (तळाच्या दोन्ही बाजूंच्या पातळ पट्ट्या) आणि वेणीवर द्या, रात्रभर मुरू द्या. तळाला जेमतेम पुसा, जास्त झालं तर तो मऊ पडून चालताना दुमडतो.