स्प्रिंगमधला रोलबॅकचा डीफॉल्ट अख्ख्या ॲपसाठी बदलावा का? माझं मत: हो, बदलावाच

निळीशाई:
स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये मेथडवर ट्रान्झॅक्शनल अॅनोटेशन टाकलं (म्हणजे आतले डेटाबेसचे बदल एकत्र पक्के, नाहीतर एकत्र रद्द) की आत काहीही फुटलं तरी सगळं मागे जाणार, असं बरेच जण धरून चालतात आणि ते खरं नाहीये. स्प्रिंग फक्त रनटाइम एक्सेप्शन आणि एरर या दोघांवर रोलबॅक करतं, म्हणजे बदल मागे घेतं. चेक्ड एक्सेप्शन (जे पकडायला किंवा थ्रोज लिहून जाहीर करायला जावाचा कम्पायलर भाग पाडतो) मेथडच्या बाहेर पडलं तर सरळ कमिट, म्हणजे बदल पक्के. म्हणजे बघा, ऑर्डरची रो टाकली, स्टॉक कमी केला, मग इनव्हॉइसची फाइल लिहिताना आयओ-एक्सेप्शन आलं आणि आपण ते थ्रोज लिहून वर सोडलं, तर युजरला स्क्रीनवर एरर दिसते पण डेटाबेसमध्ये ऑर्डर पण आहे आणि स्टॉक पण कमी झालाय. युजर काय करणार, परत बटण दाबणार, की दुसरी ऑर्डर पडली.

आत्तापर्यंत यावर उपाय म्हणजे प्रत्येक ठिकाणी रोलबॅक-फॉर (कुठल्या एक्सेप्शनवर मागे जायचं ते) लिहायचं, आणि ते कुठेतरी राहतंच. स्प्रिंग ६.२ पासून एनेबल-ट्रान्झॅक्शन-मॅनेजमेंट या अॅनोटेशनवर रोलबॅक-ऑन अशी सेटिंग आलीये, तिथे ऑल-एक्सेप्शन्स दिलं की एका ओळीत पूर्ण ॲपचं वागणं बदलतं. माझं म्हणणं आहे की ही ओळ प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असावी, जुन्या असो वा नव्या. कोटलिनवाल्यांनी तर थांबूच नये, कारण तिथे कम्पायलर चेक्ड-अनचेक्ड असा भेदच करत नाही, लिहिणाऱ्याच्या डोक्यात तो विषयच येत नाही, पण स्प्रिंग मात्र एक्सेप्शनचा क्लास कोणापासून आलाय तेवढंच बघतं.

सरळरेषा:
विरोध. हा डीफॉल्ट कोणी झोपेत ठरवलेला नाही, ईजेबी या जावाच्या जुन्या एंटरप्राइज पद्धतीच्या काळापासून चालत आलेला विचार आहे. सिस्टम बिघडली तर अनचेक्ड, आणि धंद्याच्या नियमात बसणारा पण नकाराचा निकाल असेल तर चेक्ड. नकार मिळाला म्हणून आधी लिहिलेलं सगळं पुसायचं असं नसतं.

साधं उदाहरण घ्या. लॉगिनची मेथड आहे, पासवर्ड चुकला की चुकलेल्या प्रयत्नांचा काउंटर एकने वाढवते आणि चेक्ड एक्सेप्शन फेकते, पाच वेळा चुकलं की अकाउंट लॉक. आज हे बरोबर चालतंय. तुम्ही ती एक ओळ टाकलीत की प्रत्येक वेळी काउंटरचा अपडेट पण रोलबॅक होणार, अकाउंट कधीच लॉक होणार नाही, लॉगमध्ये काही दिसणार नाही, आणि कोणीही बसून हवे तितके पासवर्ड मारत राहील. ही सुरक्षेची भगदाड तुमच्या एका ओळीने पडली. जुन्या प्रोजेक्टमध्ये अशा किती जागा आहेत हे कोणाला तरी माहीत असतं का?

निळीशाई:
उदाहरण चांगलंय, पण ते माझ्या बाजूचं आहे असं मला वाटतं. त्या काउंटरला वाचवायचंय हे आज कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नाही, ते एक्सेप्शनच्या क्लासवर टांगलेलं आहे. उद्या कोणी साफसफाई म्हणून तेच एक्सेप्शन रनटाइमचं केलं, आणि हे लोक सर्रास करतात, तर तुमचं लॉकिंग तसंच गेलं. त्यापेक्षा त्या मेथडवर नो-रोलबॅक-फॉर लिहा ना, वाचणाऱ्याला दिसेल की इथे मुद्दाम कमिट करतोय. किंवा एक्सेप्शन न फेकता निकाल रिटर्न करा. अपवाद लिहून दाखवायचा असतो, नियम नाही.

खोलपाणी:
तुम्ही दोघं ज्या सेटिंगवर भांडताय ती तिसऱ्या नंबरची आहे. रोलबॅकचा नियम लागू व्हायला एक्सेप्शन आधी प्रॉक्सीपर्यंत, म्हणजे स्प्रिंग आपल्या ऑब्जेक्टभोवती घालतं त्या आवरणापर्यंत, पोचायला हवं. आत ट्राय-कॅच टाकून लॉग करून गिळून टाकलं तर कुठलीही सेटिंग असू दे, कमिटच होणार. एकाच क्लासमधली दुसरी मेथड धिसवरून (म्हणजे त्याच ऑब्जेक्टच्या आतून) कॉल केली तर त्या दुसऱ्या मेथडचं अॅनोटेशन बघितलंच जात नाही, कारण कॉल प्रॉक्सीतून जातच नाही. हे दोन प्रकार कोड रिव्ह्यूमध्ये चेक्ड एक्सेप्शनपेक्षा मला कितीतरी जास्त दिसतात.

आणि याच्या उलट दुखणं पण आहे. आतली मेथड रिक्वायर्डवर आहे म्हणजे बाहेरच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये सामील झालीये, तिने रनटाइम एक्सेप्शन फेकलं, बाहेरच्याने ते पकडलं आणि पुढे गेला. त्याला वाटतंय मी सावरलं. पण आतल्या प्रॉक्सीने तोवर ट्रान्झॅक्शनवर रोलबॅक-ओन्लीचा शिक्का मारलेला असतो, मग शेवटी कमिट करताना अनएक्स्पेक्टेड-रोलबॅक-एक्सेप्शन येतं आणि सगळंच जातं. यावर उपाय म्हणून लोक आतल्या मेथडला रिक्वायर्स-न्यू (म्हणजे वेगळं नवं ट्रान्झॅक्शन) लावतात आणि इथून खरा घोटाळा चालू होतो. बाहेरचं कनेक्शन धरून ठेवलेलं असतानाच दुसरं कनेक्शन मागितलं जातं. हिकारीच्या पूलचा (आधीच उघडून ठेवलेल्या डेटाबेस कनेक्शनच्या साठ्याचा) डीफॉल्ट १० कनेक्शन आहे, एकदम दहा रिक्वेस्ट आल्या, दहाही जणांनी एकेक धरलं आणि दहाही जण दुसऱ्याची वाट बघत बसले, ३० सेकंदांनी टाइमआउट. डेटाबेस निवांत आणि ॲप ठप्प. वर बाहेरच्याने लॉक केलेली रो आतल्याने अपडेट करायला घेतली तर डेटाबेसला तो डेडलॉक (दोघं एकमेकांची वाट बघत अडकलेले) म्हणून ओळखताच येत नाही, कारण त्याच्या लेखी फक्त एक सेशन दुसऱ्यासाठी थांबलंय, अर्धी साखळी ॲपच्या थ्रेडमध्ये आहे.

निळीशाई, तुमची ओळ टाकली की रोलबॅक-ओन्लीचा शिक्का चेक्ड एक्सेप्शनवर पण बसायला लागेल. आज जिथे बाहेरचा चेक्ड पकडून नीट पुढे जातोय तिथे उद्या अनएक्स्पेक्टेड-रोलबॅक येईल. याचा विचार केलाय का?

निळीशाई:
केलाय, आणि हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे हे मान्य. पण तिथे निदान आवाज तरी होतो. कमिटच्या वेळी एक्सेप्शन येतं, रिक्वेस्ट फेल होते, लॉगमध्ये दिसतं. आजच्या डीफॉल्टमध्ये आवाजच होत नाही, अर्धवट डेटा तीन महिन्यांनी रिपोर्ट जुळत नाही तेव्हा कळतो आणि तोवर त्यावर अजून शंभर गोष्टी उभ्या राहिलेल्या असतात.

मध्यरात्र:
डेटाबेसच्या बाजूने बोलतो, कारण वरच्या चर्चेत सगळ्यांनी धरून चाललंय की डेटाबेस सगळीकडे सारखा वागतो. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनमधली एक स्टेटमेंट फेल झाली की पूर्ण ट्रान्झॅक्शन मेलेलं असतं, पुढच्या प्रत्येक क्वेरीला २५पी०२ हाच कोड मिळतो. म्हणजे युनिक की आडवी आली, ती पकडून अपडेट करू, हे सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनमधली परत येण्याची खूण) टाकल्याशिवाय चालत नाही. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनमध्ये तेच कोड चालून जातं, फक्त ती एक स्टेटमेंट मागे जाते.

आणि इनोडीबीमध्ये त्याहून वाईट जागा आहे. डेडलॉक आला, एरर १२१३, तर पूर्ण ट्रान्झॅक्शन रोलबॅक होतं. पण लॉक वेट टाइमआउट आला, एरर १२०५, डीफॉल्ट ५० सेकंद, तर फक्त शेवटची स्टेटमेंट मागे जाते आणि आधीचं सगळं तसंच उघडं राहतं. इनोडीबी-रोलबॅक-ऑन-टाइमआउट ही सेटिंग डीफॉल्टने बंद असते. आता ॲपमध्ये कोणी १२०५ पकडून तेवढीच क्वेरी परत चालवली तर ठीक, पण डेडलॉकच्या १२१३ला पण तीच वागणूक दिली तर पहिला अर्धा भाग गेलेला आणि दुसरा अर्धा नव्याने चढलेला. रिट्राय करायचा असेल तर पूर्ण ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून करा, आणि तो रिट्राय ट्रान्झॅक्शनच्या बाहेर असू दे. सिरीयलायझेबल (सगळ्यात कडक आयसोलेशन, म्हणजे ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून वेगळी ठेवण्याची पातळी) लावलं असेल तर ४०००१ हा "परत प्रयत्न करा"वाला एरर येणारच, तो बिघाड नाही, तो त्या आयसोलेशनचा भाग आहे.

या धाग्यात माझं मत निळीशाईंच्या बाजूने. शंका असेल तिथे सगळं मागे घ्या. अर्ध्या ट्रान्झॅक्शनचा डेटा रात्री हाताने दुरुस्त करणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्याला विचारा.

ओपनबुक:
मी पायथॉन आणि रूबीवाला, बाहेरून बघतोय. जँगोमध्ये (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) ॲटॉमिक ब्लॉकमधून कुठलंही एक्सेप्शन बाहेर पडलं की रोलबॅक, रेल्समध्ये (रूबीचं) पण तसंच. तिथे या प्रश्नावर वाद होताना मी तरी पाहिलेला नाही. म्हणजे "सगळ्यावर रोलबॅक" हा काही विचित्र नियम नाही.

पण रेल्समध्ये वेगळा खड्डा आहे. आतल्या ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये ॲक्टिव्ह-रेकॉर्ड-रोलबॅक फेकलं आणि रिक्वायर्स-न्यू दिलेलं नसेल तर आतला ब्लॉक ते गिळून टाकतो, बाहेरचा कमिट करतो, काहीच मागे जात नाही. नेस्टिंग आलं की प्रत्येक फ्रेमवर्कचं उत्तर वेगळं. आणि जे रोलबॅकने परत येतच नाही त्याचं काय, पाठवलेला ईमेल, पेमेंटच्या एपीआयला गेलेला कॉल, सीक्वेन्सचे वापरलेले नंबर? जँगोत ऑन-कमिट (कमिट झाल्यावरच चालणारं कोड) आहे, ईमेल तिथेच टाकायचा.

खोलपाणी:
ओपनबुकने शेवटचं बोललं ते महत्त्वाचं. निळीशाईंच्या पहिल्या उदाहरणात फाइल लिहिणं ट्रान्झॅक्शनच्या आत का होतं हाच मूळ प्रश्न आहे. ते बाहेर काढा, ट्रान्झॅक्शनमध्ये फक्त "इनव्हॉइस बनवायचंय" अशी रो टाका आणि दुसऱ्या वर्करला ती उचलू द्या. मग आत चेक्ड एक्सेप्शन यायचं कारणच फारसं उरत नाही.

निळीशाई:
एकदम मान्य, आणि नवीन कोडमध्ये तसंच करतो. पण जे लिहून झालंय त्यात फाइल पण आत आहे आणि एचटीटीपी कॉल पण आत आहे, ते सुटेपर्यंत डीफॉल्ट कुठल्या बाजूला झुकलेला हवा एवढाच माझा प्रश्न आहे.

सरळरेषा:
मग माझं उत्तर पण एवढंच. नव्या प्रोजेक्टला माझी हरकत नाही, मागे घेतो. जुन्यात मी ती ओळ टाकू देणार नाही, जोपर्यंत चेक्ड एक्सेप्शन फेकणाऱ्या प्रत्येक ट्रान्झॅक्शनल मेथडसाठी एकेक टेस्ट नाही, एक्सेप्शन फेकायचं आणि नंतर टेबलात किती रो आहेत ते मोजायचं. आणि ती टेस्ट लिहिताना टेस्टच्या क्लासवर ट्रान्झॅक्शनल अॅनोटेशन ठेवू नका, कारण मग टेस्टचंच ट्रान्झॅक्शन सगळं कवेत घेतं, खरं कमिट कधी होतच नाही आणि सेटिंग काहीही असली तरी मोजलेला आकडा तोच येतो. जिथे वागणूक खरंच नाजूक आहे तिथे मी ट्रान्झॅक्शन-टेम्प्लेट वापरून हाताने लिहीन, त्यात ब्लॉकमधून जे काही बाहेर पडेल त्यावर रोलबॅक होतोच, आणि ट्रान्झॅक्शन कुठे चालू झालं कुठे संपलं ते डोळ्यांना दिसतं.

मध्यरात्र:
टेस्ट एचटूवर (टेस्टसाठी वापरतात तो हलका डेटाबेस) चालवू नका एवढं ॲड करतो. प्रॉडक्शनला जो डेटाबेस आहे त्याच्यावरच चालवा, वर सांगितलेला १२०५ आणि २५पी०२ मधला फरक दुसरीकडे दिसणारच नाही.