प्रदर्शनाची बातमी पेपरला कशी द्यायची? प्रेस नोटबद्दल मदत हवी (इंदूर)

जलरंग_इंदूर
नमस्कार मंडळी. मी जलरंगात काम करते, जुन्या इंदूरचे वाडे, गल्ल्या, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांची स्मारकं) हेच काढून राहिलेय सध्या. पुढच्या महिन्यात प्रीतमलाल दुआ सभागृहाच्या गॅलरीत तीन दिवस प्रदर्शन आहे, एकटीचं पहिलंच. इन्स्टावर टाकतेच पण तिथे बघणारे बहुतेक आपलेच चित्रकार लोक, आणि मला तर त्या वाड्यांमध्ये राहिलेली माणसं यायला हवी आहेत, ती सकाळी चहाबरोबर पेपर वाचणारी. मागे एका ग्रुप शोच्या वेळी आयोजकांनी चांगली दोन पानी नोट पाठवली होती, एक ओळसुद्धा छापून आली नाही. कोणी म्हणतं ओळख लागते, कोणी म्हणतं आधी जाहिरात द्या मग बातमी येते. खरं काय आहे? आणि हिंदीत लिहू का मराठीत चालेल?

सिटी_डेस्क
ताई, मी बरीच वर्षं एका हिंदी दैनिकाच्या सिटी डेस्कवर काढली म्हणून सांगतो. ओळख असली तर फोन उचलला जातो एवढंच, बातमी छापली जाते ती बातमी असली तर. जाहिरातीचा विभाग वेगळा, त्यांचे लोक वेगळे, तिकडे पैसे देऊन जे येतं ती जाहिरातच असते आणि वाचणाऱ्यालाही ते कळतं.

आता नोटचं. संध्याकाळी डेस्कवर ढीग असतो विज्ञप्त्यांचा, शाळांची गॅदरिंगं, समाजांची संमेलनं, नेत्यांचे वाढदिवस, सगळं एकत्र. सब एडिटर मेलचा विषय आणि पहिल्या दोन ओळी वाचतो, बस. त्या दोन ओळींत जर "अत्यंत हर्षाने कळविण्यात येते की सुप्रसिद्ध चित्रकार" असं असेल तर तो पुढे जात नाही, कारण प्रत्येक नोट तशीच सुरू होते. पहिल्या ओळीत कशाची चित्रं, कोणाची, कुठे, कोणत्या तारखांना. त्यानंतर वेळ, प्रवेश मोफत आहे का, उद्घाटन कोण करणार. शिक्षण, बक्षिसं हे सगळं खाली, कारण जागा कमी पडली की कात्री खालूनच लागते. एका पानाच्या वर अजिबात जाऊ नका. तुमचं स्वतःचं एक वाक्य असू द्या, बोलता तसं, "कला ही साधना आहे" टाइप नको.

आणि हिंदीतच द्या. इथली मोठी दैनिकं हिंदी, तुमची मराठी नोट कोण बसून भाषांतर करणार. मराठीतली वेगळी करा, ती महाराष्ट्र साहित्य सभा, सानंद आणि आपल्या मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी, तिथून वाड्यातली माणसं नक्की येतील.

रंगपेटी
दादांच्या म्हणण्यात थोडी भर. हिंदी टाइप करून घेताना विचारा की युनिकोडमध्ये आहे ना. बाहेरचे टायपिंगवाले अजूनही कृतिदेवमध्ये करून देतात आणि ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, तो कशाला तुम्हाला फोन करून विचारेल. मजकूर मेलमध्येच पेस्ट करा, पीडीएफमधून कॉपी केलेली हिंदी तुटते, काना मात्रा कुठच्या कुठे जातात.

फोटो तर सगळ्यात महत्त्वाचे. काचेची फ्रेम लागायच्या आधीच चित्राचे फोटो काढून ठेवा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता, नाहीतर काचेत तुमचाच मोबाइल दिसतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलचं नाव चित्राचं आणि तुमचं ठेवा, आयएमजी अमुक तमुक असं ठेवलं तर डेस्कवर दुसऱ्याच बातमीत जातं. खाली कॅप्शन, चित्राचं नाव, माध्यम, आकार, वर्ष. तुमचा एक फोटो चित्र काढतानाचा द्या, पासपोर्ट साइज नको.

जलरंग_इंदूर
खूप खूप धन्यवाद दोघांना 🙏 मी सुरुवात अशी केली होती, "देवळालीकर, बेंद्रे आणि हुसेन यांच्या समृद्ध परंपरेतील चित्रकर्तीच्या जलरंगांचे भव्य प्रदर्शन". ठीक आहे का?

सिटी_डेस्क
ताई, परंपरेचा मान आहेच. देवळालीकर मास्तरांनी इथल्या चित्रकला शाळेत शिकवलं, १९१० साली बेंद्रे इथेच जन्मले, हुसेनही इथे शिकले, इंदूरला याचा अभिमान असायलाच पाहिजे. पण इंदूरच्या प्रत्येक प्रदर्शनाच्या नोटेत ही तीन नावं असतात, त्यामुळे तुमचं वेगळं काय ते दिसत नाही. तुम्ही त्या शाळेत थेट शिकला असाल तर खाली परिचयात लिहा. मला सांगा, चित्रांत नेमकं काय काय आहे?

जलरंग_इंदूर
जुनी इंदूर आणि रामबागेकडचे लाकडी खांबांचे वाडे. मी जागेवर बसून काढते. त्यातले काही आता पाडलेत, तिथे फ्लॅट झाले. राजवाड्याचंही एक आहे, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी, १९८४ च्या आगीबद्दल आजी सांगायची ते डोक्यात ठेवून काढलेलं.

सिटी_डेस्क
मग बातमी हीच आहे की! "इंदूरचे जे वाडे आता उभे नाहीत ते जलरंगात बघायला मिळणार." हिंदीत तुम्ही लिहालच, पण पहिली ओळ हीच ठेवा, दुसरीत नाव, गॅलरी, तारखा. मग चित्रं त्या वाड्यांसमोर बसून काढली आहेत हे. पाडलेल्या वाड्याचं चित्र आणि आज तिथे जे उभं आहे त्याचा फोटो, अशी जोडी दिलीत तर रिपोर्टर स्वतःहून मोठी स्टोरी करायला येईल, मी असतो तर आलो असतो. मात्र त्या जागेच्या आताच्या मालकाचं नाव, भांडण, कोर्टकचेरी असलं काही नोटेत घालू नका, आणि कुठला वाडा कधी पडला ते खात्री करूनच लिहा, चुकीचं साल छापून आलं की त्या घरचेच लोक फोन करतात.

रंगपेटी
वेळेचं राहिलंच. पहिली नोट चार पाच दिवस आधी, दुपारीच पाठवा, संध्याकाळी पानं लागत असतात. नंतर एकदाच फोन करून मिळाली का विचारा. सकाळच्या कार्यक्रमांच्या कॉलमसाठी दोन ओळींची वेगळी नोट आदल्या दिवशी. उद्घाटनाचा फोटो आणि चार ओळी त्याच संध्याकाळी गेल्या पाहिजेत, दुसऱ्या दिवशी कोणी घेत नाही, म्हणून मजकूर आधीच तयार ठेवा आणि नुसती पाहुण्यांची नावं भरा, डावीकडून कोण कोण ते बघून.

आणि तारखा काय आहेत? रंगपंचमी जवळ असेल तर सिटीची पानं सगळी गेरने, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीने भरलेली असतात, अनंत चतुर्दशीला झांक्यांनी, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांनी. तेव्हा चांगली नोटही बाजूला पडते.

जलरंग_इंदूर
नाही नाही, दोन्ही लांब आहेत. पाडलेल्या वाड्यांच्या जागांचे फोटो काढायला रविवारी सकाळी जाते, तेव्हा रस्ता मोकळा असतो. हिंदी नोट झाली की इथेच टाकते, दादा जरा नजर घालाल का?

सिटी_डेस्क
टाका. तुमचा मोबाइल नंबर मात्र इथे टाकू नका, पेपरच्या नोटेत विसरू नका.