हेन्री मेग्ज: रेल्वे बांधणारा कंत्राटदार की देशाला कर्जात लोटणारा?
(टोपणनावांनी लिहिणाऱ्या चौघांची चर्चा)

कोरा कागद:
हेन्री मेग्ज (1811–1877) सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरपालिकेत निवडून आलेला सभासद. 1849 मध्ये लाकूड घेऊन तिथे उतरला, कॅलिफोर्नियात सोन्यामागे लोटलेल्या गर्दीत ते कित्येक पट भावाने विकलं. मग शहराच्या नॉर्थ बीच भागात जमिनी घेतल्या, समुद्रात लांबलचक धक्का बांधला. शहर वाढलं दुसऱ्या अंगाला. जमिनी खपेनात आणि व्याज चढत गेलं.

तेव्हा नगरपालिका रस्त्यांच्या कामाचे पैसे वॉरंटवर, म्हणजे रक्कम नंतर देण्याच्या लेखी हमीवर, द्यायची. महापौर आणि हिशेब अधिकारी कोऱ्या वॉरंटांच्या पुस्तकावर आधीच सह्या करून ठेवायचे. मेग्जने असं पुस्तक हाती केलं, रकमा भरल्या, ती वॉरंटं तारण ठेवून कर्ज उचललं आणि ऑक्टोबर 1854 मध्ये कुटुंबासह जहाजाने चिलीला पळाला. पुढे पेरूत रेल्वेचा बादशहा म्हणून त्याचा गौरव होतो, तो मला मान्य नाही. तिथेही त्याचा धंदा पोकळ तारणावरच चालला.

घाटमार्गी:
सॅन फ्रान्सिस्कोतला गुन्हा कुणीच नाकारत नाही. पण त्या एका गुन्ह्यावरून पुढची तेवीस वर्षं मोजू नका. चिलीतल्या सान्तियागो–वाल्पाराइसो रेल्वेचं काम अनेक वर्षं रखडलं होतं. मेग्जने 1861 मध्ये तीन वर्षांच्या मुदतीचं कंत्राट घेतलं आणि सप्टेंबर 1863 मध्ये गाडी धावली.

पेरूची मध्य रेल्वे तर त्याहून अवघड. कायाओ बंदरापासून गालेराच्या बोगद्यापर्यंत अंतर जेमतेम 170 किलोमीटर, चढ मात्र शून्यापासून 4,781 मीटरपर्यंत. रिमाक नदीची दरी इतकी अरुंद की वळसे घालायला जागाच नाही. म्हणून झिगझॅग: गाडी बंद फाट्यात (पुढे रूळ संपतात अशा) शिरते, मागचा रुळांचा सांधा बदलतो, मग ती उलट दिशेने वरच्या टप्प्यावर चढते. खंडाळ्याजवळ बोरघाटात 1929 पर्यंत असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं, इथे तशी अनेक. यातली अडचण अशी की गाडीची लांबी त्या बंद फाट्याइतकीच ठेवावी लागते, त्यामुळे मालवाहतुकीला कायमची मर्यादा पडते. तरीही 2005 मध्ये तिबेटचा मार्ग पुरा होईपर्यंत जगात याहून उंच रेल्वे नव्हती.

रोखेबाजार:
घाटमार्गी, बांधकाम उत्तम होतं, पण पैसे कुठून आले तेही बघा. 1869 च्या कंत्राटात मध्य रेल्वेची किंमत 2 कोटी 76 लाख सोल (पेरूचं चलन) ठरली आणि मोबदला सरकारी रोख्यांत. त्या रोख्यांना तारण ग्वानोचं, म्हणजे बेटांवर साचलेल्या पक्ष्यांच्या विष्ठेच्या खताचं. पेरूच्या किनाऱ्याजवळच्या चिंचा बेटांवरचा चांगला साठा तोवर संपत आला होता. 1870 चं कर्ज लंडनच्या बाजारात खपलं, 1872 च्या कर्जाला पुरेसे घेणारेच मिळाले नाहीत. 1875 मध्ये काम थांबलं आणि 1876 मध्ये पेरूने व्याज देणं थांबवलं. मेग्जने तर स्वतःच्या नावाच्या कागदी नोटाही चलनात आणल्या. बरोबर कोरा कागद म्हणतात तसं.

घाटमार्गी:
कर्ज काढायचं ठरवलं राष्ट्राध्यक्ष होसे बाल्ता यांच्या सरकारने. कंत्राटदाराने पैसे नाकारायला हवे होते का?

रोखेबाजार:
नाकारायला नको होते. पण खताचा साठा उघड्यावर होता, मोजता येत होता. मोबदला रोख्यांत घेणाऱ्याने त्यांचं तारण तपासलंच पाहिजे.

रुळाखाली:
दोघेही मेग्जभोवतीच फिरताय. मार्गाची आखणी पोलिश अभियंता एर्नेस्त मालिनोव्स्की याची. राबणाऱ्यांत पेरू आणि चिलीचे मजूर, शिवाय कराराने आणलेले चिनी कामगार. वेरुगास ओढ्यावरचा लोखंडी पूल सुमारे 175 मीटर लांब आणि 77 मीटर उंच. त्या दरीत मजुरांना असा ताप यायचा की काही दिवसांत रक्त पातळ पडून माणूस जायचा. हजारो गेले. त्याच दरीतल्या लोकांच्या अंगावर लाल चामखिळी उठायच्या. ताप आणि चामखिळी एकाच रोगाची लक्षणं आहेत हे कुणाला पटत नव्हतं. 1885 मध्ये लिमाच्या दानिएल कारियोन या वैद्यकीय विद्यार्थ्याने चामखिळीतला द्राव स्वतःला टोचून घेतला आणि त्याच तापाने तो गेला, तेव्हा ते सिद्ध झालं. रोग पसरतो वाळूमाशीमुळे, ती चावते संध्याकाळी-रात्री. दरीत मुक्कामाला ठेवलेल्या मजुरांना त्यातून सुटका नव्हती. मेग्जचं मोठेपण तोलताना हे आधी पारड्यात टाका.

घाटमार्गी:
मजुरांचा मुद्दा पूर्ण मान्य, आणि मालिनोव्स्कीचं नाव मी आधीच घ्यायला हवं होतं असं कुणी म्हटलं तर तेही रास्त. पण माणसं, लोखंड आणि पैसा एकाच वेळी त्या दरीत पोचवणं आखणीकाराच्या हातात नव्हतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोरहून पुलाचे सुटे भाग बंदरात उतरवून वर चढवायचे, तेही रूळ टाकत टाकत. ते मेग्जनेच जमवलं.

रोखेबाजार:
जमवलं, पण पुरं केलं नाही. 30 सप्टेंबर 1877 ला तो लिमात वारला, तेव्हा रूळ घाटातल्या चिक्ला गावाच्या अलीकडेच होते. 1889 मध्ये पुरात वेरुगासचा पूल वाहून गेला. 1890 मध्ये कर्जाच्या बदल्यात पेरूला आपल्या रेल्वे 66 वर्षांसाठी लंडनच्या रोखेधारकांच्या कंपनीला द्याव्या लागल्या. डोंगरापलीकडच्या ओरोयाला, म्हणजे मार्गाच्या ठरलेल्या टोकाला, गाडी पोचली 1893 मध्ये, त्याच कंपनीच्या हाताखाली.