मदत हवी: झॅबिक्सचा जुना डेटा उडवला, तरी डिस्क रिकामी होईना. उलट भरतेय!

स्लो_लोकल

नमस्कार मंडळी. अंधेरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत नेटवर्क सांभाळतो. मुंबई-ठाण्यात मिळून ४२ ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी २४ पोर्टचा एक स्विच, आणि सगळ्यांवर नजर ठेवायला झॅबिक्स. त्याचा डेटाबेस मायएसक्यूएल ८.० त्याच व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीन), डिस्क ३०० जीबी.

माझ्या आधीच्या माणसाने प्रत्येक पोर्टचं ट्रॅफिक दर ३० सेकंदांनी घ्यायला लावलेलं, हिस्टरी (प्रत्येक नोंद) ठेवायची ३६५ दिवस. का, ते तोच जाणे, तो कधीच दुबईला गेला.

सोमवारी डिस्क ७० टक्के भरल्याचा अलर्ट आला. मी हिस्टरी ३० दिवसांवर आणली. हाउसकीपर, म्हणजे झॅबिक्सचा जुना डेटा पुसणारा भाग, चार दिवस नुसता डिलीट करत होता. शुक्रवारी विरार फास्टमध्ये एका हाताने कडी धरून मोबाइलवर डीएफ (डिस्कची शिल्लक दाखवणारी आज्ञा) मारलं, तर शिल्लक ८६ जीबीवरून २२! ट्रॅफिकच्या नोंदी असतात त्या हिस्टरी_युइंट टेबलची फाइल तशीच्या तशी, १७६ जीबी. मग इतक्या ओळी पुसल्या त्या गेल्या कुठे?

साहेब म्हणतात डिस्क वाढवून घे. खरेदी विभागाकडे कागद गेला की गणपती येऊन जातात. आणि पाऊस तोंडावर आहे, पाणी तुंबलं की लिंक पटापट पडतात, नेमकं तेव्हाच मॉनिटरिंग झोपायला नको. टेबलची फाइल आवळणारी ऑप्टिमाइझ टेबल ही आज्ञा चालवू का?

केबलवाला

थांबा, आत्ता अजिबात चालवू नका.

डिलीट म्हणजे चाळीतली खोली रिकामी होणं. चाळ तिथेच उभी असते, नवा भाडेकरू येऊन राहतो. इनोडीबी (मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग) मोकळी झालेली पानं फाइलच्या आतच ठेवतं, ऑपरेटिंग सिस्टिमला परत देत नाही. इन्फर्मेशन स्कीमात (मायएसक्यूएल टेबलांची माहिती ठेवतं तिथे) त्या टेबलचा डेटा_फ्री, म्हणजे आतली मोकळी जागा, बघा, मोठा आकडा दिसेल.

ऑप्टिमाइझ म्हणजे शेजारी नवी चाळ बांधून मग जुनी पाडणं. नव्या प्रतीला जागा लागते. हिशोब करा: १००८ पोर्ट, आत-बाहेर धरून २०१६ आयटम (मोजायच्या गोष्टी), दिवसाला ५८ लाख ओळी. ओळीला साधारण ९० बाइट म्हटलं तरी रोज अर्धा जीबी, महिन्याचे १६, म्हणजे नवी प्रत निदान तेवढी. वर इंडेक्स (ओळी शोधायची सूची) फुगतो तो वेगळाच. २२ जीबीत हा खेळ अंगाशी येईल.

सिलेक्ट_स्टार

फाइल वाढली नाही, मग ६४ जीबी कुणी खाल्ले, हे कुणी विचारलंच नाही. डेटा डिरेक्टरीत बिनलॉगच्या (बायनरी लॉग, डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही) फाइल्स मोजा. ८.० मध्ये बायनरी लॉग आपोआप चालू असतो आणि ३० दिवस राहतो. रो फॉरमॅटमध्ये (बदल ओळ-ओळ नोंदवायची पद्धत) पुसलेली प्रत्येक ओळसुद्धा तिथे लिहिली जाते. म्हणजे तुमची साफसफाईच डिस्क भरत होती.

रेप्लिका (डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवरची जुळती प्रत) आहे का? बॅकअप बिनलॉगवर अवलंबून आहे का? दोन्ही नसेल तर जुने लॉग काढणारी पर्ज बायनरी लॉग्ज ही आज्ञा चालवा. आरएमने (फाइल पुसायची साधी आज्ञा) फाइल्स उडवायच्या नाहीत, हे दोनदा वाचा.

स्लो_लोकल

ताई, बरोब्बर! बिनलॉग ७२ जीबी. रेप्लिका नाही, बॅकअप रोज रात्रीचा पूर्ण डंप. पर्ज केलं, आता ९४ जीबी मोकळे. बिनलॉगची मुदत २५९२००० सेकंदांवरून २५९२०० केली, म्हणजे तीन दिवस. एक शून्य कमी, तीनदा तपासलं.

केबलवाला

आता करा ऑप्टिमाइझ, पण ताजा बॅकअप हाताशी ठेवून आणि झॅबिक्स सर्व्हर बंद करून. चालू ठेवलात तर दरम्यानचे बदल ज्या ऑनलाइन लॉगमध्ये साठतात त्याची मर्यादा मुळात १२८ एमबी आहे. ती ओलांडली की तासाभराचं काम शेवटच्या क्षणी फेल. "ऑप्टिमाइझ जमत नाही, टेबल नव्याने बांधतो" अशा अर्थाची ओळ दिसली तर घाबरू नका, इनोडीबीचं ते नेहमीचंच.

स्लो_लोकल

रविवारी पहाटे केलं. पाऊण तास लागला, तेवढ्या वेळाची ग्राफमध्ये खाच आहे. फाइल १७६ वरून १९ जीबी, डिस्कवर २५१ मोकळे. ३० सेकंदांचे ३ मिनिटं केले, ते कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.

एक धाकधूक: ऑडिटवाले मार्चमध्ये वर्षभराचा ट्रॅफिक ग्राफ मागतात. तो गेला का?

सिलेक्ट_स्टार

नाही. ट्रेंड्सचं टेबल वेगळं, त्यात तासाचं किमान, सरासरी, कमाल असतं. ट्रेंडची मुदत ३६५ दिवस आहे ना, तेवढं पाहा. आणि सवड मिळाली की रोजचं पार्टिशन करा, म्हणजे हिस्टरीच्या टेबलचा प्रत्येक दिवसाला वेगळा तुकडा. जुना दिवस काढायचा म्हणजे पार्टिशन ड्रॉप, फाइल तिथल्या तिथे गायब. फक्त मग झॅबिक्समधलं हिस्टरीचं हाउसकीपिंग बंद करायला विसरू नका.

स्लो_लोकल

ट्रेंड ३६५च आहे. दुबईकराने एवढं एक बरं केलं. पार्टिशनला वेगळा धागा काढतो.