जुन्या एडी अँड डीत मल्टिक्लास : फायटर/मेजच घ्यावा असं माझं मत

दशबाजू
नवीन कॅम्पेन (महिनोन्महिने चालणारा डाव) सुरू होतंय, ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स (एडी अँड डी) या फासे टाकून पात्रं खेळवायच्या खेळाची दुसरी आवृत्ती, १९८९ ची, पहिल्या लेव्हलपासून. डीएम (खेळ चालवणारा) म्हणतोय नवव्या-दहाव्या लेव्हलपर्यंत जाऊ. मी एल्फ (तिथली एक जमात) फायटर/मेज, म्हणजे लढवय्या आणि जादूगार असे दोन क्लास एकाच पात्रात (हाच मल्टिक्लास), घेणार म्हणलं तर बाकीचे दोघं म्हणतात ना धड इकडचा ना धड तिकडचा. मला हे अजिबात पटत नाही म्हणून धागा काढला.

एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) दोन क्लासांत अर्धे-अर्धे वाटले जातात हे खरं, पण टेबल उघडून बघा ना. खालच्या लेव्हलना दर लेव्हलला जवळपास दुप्पट एक्सपी लागतात, त्यामुळे अर्धे मिळाले तरी माणूस साधारण एकच लेव्हल मागे राहतो. ४०,००० ला नुसता मेज सहाव्या लेव्हलला असतो आणि फायटर/मेज ५/५ (दोन्ही क्लासांत पाचव्या), म्हणजे फायरबॉलचा मंत्र दोघांकडेही आला. पाच लाखांना नुसता मेज ११ आणि हा ९/१०. एवढ्याशा फरकात फायटरचा थॅको (वार लागण्याचा आकडा, कमी तितका चांगला), लांब तलवार, धनुष्य, सगळं मिळतंय.

एकमार्गी
असहमत. कागदावर गणित बरोबर आहे पण एका राउंडला (लढाईतल्या एका पाळीला) एकच काम होतं राव. मंत्र टाकलास की तलवार चालत नाही, तलवार चालवलीस की मंत्र नाही. दोन क्लास असले तरी हात दोनच. शिवाय फायटर असून अंगावर चिलखत नाही, कारण या आवृत्तीत चिलखत घालून मेजचे मंत्र टाकता येत नाहीत, एल्व्हन चेन (एल्फांचं साखळीचं चिलखत) सोडून, आणि ती सुरुवातीला कोण देतंय? स्पेशलायझेशन (एका शस्त्रात खास प्रावीण्य) पण नुसत्या फायटरलाच, त्याला पहिल्या लेव्हलपासून दोन राउंडला तीन वार मिळतात.

माझा स्वतःचा एल्फ फायटर/मेज सहाव्या लेव्हलला मेला. ऑर्कचा भाला, सहा डॅमेज, माझे चार हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) उरलेले. देवळात नेला तर डीएमने पुस्तक माझ्यापुढे सरकवलं आणि रेझ डेड या मेलेल्याला उठवायच्या मंत्राच्या ओळीवर बोट ठेवलं. यादीत ड्वॉर्फ, नोम, हाफलिंग, हाफ-एल्फ, माणूस सगळे आहेत, एल्फ नाही. आठ महिने खेळवलेलं पात्र होतं ते, मला अजून वाईट वाटतं.

दशबाजू
@एकमार्गी वाईट झालं खरंच. पण तुझा मुद्दा मंत्र शिल्लक असतील तोवरच लागू आहे ना? पहिल्या लेव्हलच्या मेजकडे दिवसाला मंत्र एक. एकदा स्लीप टाकली, झोपले ते झोपले, त्यानंतर तो बिचारा डार्ट फेकत मागे उभा. माझा एल्फ त्यानंतर राउंडला दोन बाण मारतो, वर धनुष्याला एल्फचा +१. आणि हिट पॉइंट सरासरीने अर्धे होतात म्हणतात, पण मेजचा चार बाजूंचा फासा सरासरी अडीच देतो, मला दोन्ही क्लासांच्या फाशांची सरासरी धरून चार. मेजच्या बाजूने बघाल तर हा फायदाच आहे.

हातोडा
तुम्ही दोघं मेजवरच का अडकलात? ड्वॉर्फ फायटर/क्लेरिक (लढवय्या आणि पुजारी) घ्या. क्लेरिकला चिलखताची आडकाठी नाही, प्लेट घालून मंत्र टाकता येतात. ब्लेस (आशीर्वादाचा मंत्र) लढाईआधी, जखमा बऱ्या करणं लढाईनंतर, मधल्या वेळात हातोडा, म्हणजे ते "एका राउंडला एकच काम" इथे टोचतच नाही. विषाला आणि जादूला ड्वॉर्फचा सेव्ह (परिणाम टाळायचा फासा) बोनस वेगळा. धारदार शस्त्रं चालत नाहीत, ठीक आहे, नको ती.

एकमार्गी
@हातोडा मग नुसता क्लेरिकच का नको? १,१०,००० एक्सपीला तो आठव्या लेव्हलला असतो, थॅको १६. तुझा फायटर ६, क्लेरिक ७, थॅको १५. एका आकड्यासाठी एक लेव्हल घालवलीस.

हातोडा
एका आकड्यासाठी नाही, अठराच्या पुढचे स्ट्रेंग्थचे (ताकदीचे) जादा टक्के फक्त लढवय्यांना मिळतात ते विसरलास. आणि १,२८,००० ला फायटर सातवा झाला की दोन राउंडला तीन वार. नुसत्या क्लेरिकला ते कधीच नाही.

तिसरावाटा
सगळ्यात आधी पार्टीत (खेळणाऱ्यांच्या गटात) किती जण आहेत ते सांगा, त्याशिवाय ही चर्चा हवेत आहे. सहा जण असतील तर एकमार्गीचं बरोबर, प्रत्येकाने एकच काम नीट करावं. तिघंच असाल तर फायटर/मेज/थीफचा (थीफ म्हणजे चोर) हिशेब करा. ६०,००० ला फायटर/मेजला प्रत्येकी ३०,०००, म्हणजे ५/५. तीन क्लासांत वाटले तर प्रत्येकी २०,०००, आणि ते होतात ५/५/६! त्या टप्प्यावर थीफ चक्क फुकट पडला. हां, ८०,००० ला फायटर/मेज ६/६ वर जातो आणि तीनवाला तिथेच राहतो, पुढे हे अंतर वाढत जातं. पण कुलूप कोण उघडणार, सापळा कोण शोधणार याचं उत्तर पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे असतं.

दशबाजू
तिघंच आहोत. एक पॅलाडिन (धर्मयोद्धा), एक क्लेरिक, आणि मी. थीफ कोणीच नाही, हे मी बघितलंच नव्हतं. काल फासे टाकले, डेक्स्टेरिटी (चपळाई) १७, इंटेलिजन्स १६, स्ट्रेंग्थ १५. हाफ-एल्फ फायटर/मेज/थीफ करतोय. एल्फ मुद्दाम नाही घेतला, धनुष्याचा +१ गेला तरी चालेल पण मेल्यावर परत उठता आलं पाहिजे. नुसत्या मेजपेक्षा मल्टिक्लास बरा या मतावर मी अजूनही ठाम आहे.

एकमार्गी
मी पण माझ्या मतावर ठाम, तीन क्लास म्हणजे पाचव्या लेव्हलनंतर फार वाट बघावी लागणार तुला. पण हाफ-एल्फ घेतलास ते बरं केलंस. आर्मर नावाचा मंत्र मिळाला तर लगेच पुस्तकात उतरवून घे. आणि ऑर्क दिसले की आधी स्लीप, मग लांबूनच बाण. भाल्याच्या टप्प्यात जाऊ नकोस.