शब्दचर्चा : ‘इनफिल्ड कोच’ मराठीत कसा लिहायचा?

मुरूमकर :
मंडळी, एक अडचण आहे. गेली चार वर्षं मी कोथरूडमधल्या एका मैदानावर शाळकरी मुलांना बेसबॉल शिकवतो. त्यातही माझ्याकडे फक्त इनफिल्ड, म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा बेस (धावणाऱ्याचे थांबे) सांभाळणारे आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा शॉर्टस्टॉप. पिचर-कॅचरकडे, म्हणजे चेंडू टाकणारा आणि फलंदाजामागे तो झेलणारा यांच्याकडे, दुसरे सर बघतात. परवा प्रमाणपत्रं छापून आली, तर माझ्या नावाखाली ‘अंतर्क्षेत्र प्रशिक्षक’! पाचवीतल्या एकानं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, “सर, म्हणजे श्रीक्षेत्र आळंदीसारखं का?” आता परत छापायची आहेत, शुक्रवारपर्यंत मुदत.

‘इनफिल्ड’ तसंच ठेवावं तर पालकांना तो शब्द क्रिकेटमुळे माहीत आहे, पण वेगळ्या अर्थानं. क्रिकेटमधलं इनफिल्ड म्हणजे तीस यार्डांच्या वर्तुळाच्या आतला भाग, आणि तिथे कोण उभं असेल ते सतत बदलतं. बेसबॉलमधलं इनफिल्ड म्हणजे ९० फूट बाजूचा चौकोन, आणि तो सांभाळणारी माणसंसुद्धा. ‘आज इनफिल्ड झोपलं होतं’ असं मी म्हणतो तेव्हा मुलं झोपलेली असतात, माती नाही. हा माणसांचा अर्थ धरणारा शब्द हवाय.

पेठकर :
‘अंतर्क्षेत्र’ वाईटच आहे, पण म्हणून लगेच इंग्रजीला शरण जाऊ नका. फलंदाज, गोलंदाज, धावचीत, यष्टीरक्षक हे शब्द काय आभाळातून पडले? आमच्या पुण्याचे बाळ ज. पंडित रेडिओवर मराठीतून समालोचन करायचे, ते ऐकत आमची पिढी वाढली. शब्द रोज कानावर पडला की रुळतो. गोलंदाज तर मूळचा तोफखान्यातला, तोफ डागणारा माणूस. आणि ‘चीत’ आला कुस्तीच्या हौद्यातून. तेव्हा आधी घरात काय आहे ते धुंडाळा.

माझी सूचना : ‘आतली फळी’. आघाडीची फळी, मधली फळी, बचावफळी हे आपण बोलतोच. फळी म्हटलं की माणसंच डोळ्यांसमोर येतात, जमीन नाही. आउटफिल्ड मग आपोआप ‘बाहेरची फळी’.

तिसरा बेस :
काका, ‘आतली फळी’ आवडलं. पण मी कॉलेजात पाच वर्षं सॉफ्टबॉल खेळले आणि मैदानावर असलं काही बोलायला कुणाला सवडच नसते. सॉफ्टबॉलमध्ये बेसमधलं अंतर ६० फूट. चेंडू येतोय हे कळेपर्यंत धावणारी अर्ध्यात पोचलेली असते. आमच्या तोंडात एकच शब्द होता, ‘सरपटी’. ग्राउंडर म्हणजे सरपटी. “सरपटी आहे, खाली बस!” संपलं.

मुरूमकर :
ताई, सरपटी आमच्याकडेही आहे आणि माझं भांडण तिथेच आहे. सरपटी म्हणजे जमिनीला चिकटून सरपटत येणारा चेंडू. गल्लीत कुणी असा बॉल टाकला की “ए, सरपटी नाय चालणार” म्हणून आपण भांडायचो. पण बेसबॉलमधले बहुतेक ग्राउंडर सरपटत नाहीत, टप्पे खात येतात. इनफिल्डवाल्याचं सगळं कसब टप्पा ओळखण्यात असतं.

जरा विस्तारानं सांगतो, कारण माझी चार वर्षं यातच गेली. चेंडू ग्लोव्हच्या अगदी पुढ्यात आपटला तर तो वर यायला लागतो तिथेच गिळता येतो. याला आम्ही ‘पायाशी टप्पा’ म्हणतो. दुसरा लांबून आपटतो, वर जातो आणि उतरता उतरता छाती-पोटाशी येतो. हा ‘पोटाशी टप्पा’, यात काही अवघड नाही. पंचाईत होते ती या दोघांच्या मधल्याची. चेंडू धड पायाशी नसतो, धड उतरायलाही लागलेला नसतो. मुलगा ना पुढे जातो ना मागे येतो, आणि चेंडू मनगटावर. याला मराठीत नाव नव्हतं. गेल्या वर्षी निवडणुकीच्या दिवसांत एका मुलीनं ठेवलं : ‘त्रिशंकू’. आता शॉर्टस्टॉपकडे चेंडू निघाला की पहिल्या बेसवरून पोरं ओरडतात, “त्रिशंकू, त्रिशंकू, पुढे जा!” त्रिशंकूवर उपाय एकच, दोन पावलं टाकून त्याला पायाशी टप्प्यावर गाठायचं, नाहीतर एक पाऊल मागे घेऊन पोटाशी येऊ द्यायचं. उभं राहिलात की गेलात.

त्यात आमचं मैदान मुरमाचं. टप्पा बरोबर ओळखूनही सुपारीएवढा खडा आडवा येतो. जूनमध्ये दुसऱ्या बेसवरच्या पोराचा ओठ असाच फुटला. ओठाला बर्फ लावून बसला होता तरी म्हणतो, “सर, मी पोटाशीच धरला होता.” खरंच धरला होता.

तालीमवाला :
बेसबॉलमधलं कळत नाही, पण शब्दांचं म्हणाल तर चेंडू यायच्या आधी मुलं गुडघ्यात वाकून उभी राहतात त्याला काय म्हणता? टीव्हीवर पाहिलंय. आमच्याकडे त्याला ‘पवित्रा’ म्हणतात.

मुरूमकर :
वा! मी आजवर ‘रेडी पोझिशन’ म्हणत होतो आणि मुलं ‘रेडी’ ऐकून ताठ उभी राहायची. पवित्रा म्हटलं की वाकतील. घेतला.

याच जातीची माझी एक फजिती. ग्लोव्ह ताठ धरला की चेंडू उसळून बाहेर पडतो, म्हणून इंग्रजीत ‘सॉफ्ट हँड्स’ म्हणतात. मी सरळ ‘मऊ हात’ म्हणायचो. मुलं आपापले तळवे चाचपून बघायची. शेवटी रंगपंचमीच्या आदल्या दिवशी बादलीभर पाण्याचे फुगे नेले आणि लांबून एकेक टाकला. फुगा न फोडता झेलायचा तर हात फुग्याबरोबर मागे न्यावाच लागतो. तेव्हापासून आमच्याकडे त्याला ‘फुगा धर’ म्हणतात. शब्दकोशात नाही जाणार, पण काम होतं.

पेठकर :
आणि ती लांबुडकी बारीक बॅट? नातवाला सोडायला आलो होतो तेव्हा तुमच्या हातात पाहिली होती.

मुरूमकर :
ती फंगो. ३५ ते ३७ इंच लांब, नेहमीच्या बॅटपेक्षा हलकी, सामन्यात वापरत नाहीत. इनफिल्ड कोचचं खरं हत्यार तेच. एका हातानं चेंडू उडवायचा आणि हव्या त्या मुलाकडे, हव्या त्या टप्प्यानं मारायचा. दिवसाला दोन-अडीचशे होतात, संध्याकाळी मनगट बोलतं. फंगो शब्द आला कुठून, यावर इंग्रजी कोशकारांचंही एकमत नाही, त्यामुळे आपल्याला मोकळं रान आहे.

पेठकर :
अहो, मग हा विटीदांडूच झाला! दांड्यानं विटी उडवायची आणि हवेत असतानाच टोला हाणायचा. ‘टोले देणे’ म्हणा. ‘सर टोले देतायत’ हे कुणालाही कळेल. शिवाय तुम्ही लोक खेळाडूंना आकडे देता ना? विटीदांडूतही वकट, लेंड, मुंड होतेच, तेलुगूतल्या ओकटि, रेंडु, मूडुवरून आलेले.

मुरूमकर :
‘टोले’ घेतला, काका. आकडे आहेत खरे, पिचर १ पासून राइट फिल्डर ९ पर्यंत. शॉर्टस्टॉप ६, दुसरा बेस ४, पहिला ३. म्हणून शॉर्टस्टॉपनं उचलून दुसऱ्या बेसकडे आणि तिथून पहिल्याकडे फेकून दोघांना बाद केलं की वहीत ‘६-४-३’ लिहायचं. मुलांना पाढ्यांपेक्षा हे लवकर पाठ होतं. मधला जो चेंडू घेऊन वळून फेकतो, त्याच्या वळण्याला आम्ही ‘गिरकी’ म्हणतो.

आता खरा प्रश्न. धावणाऱ्याला चेंडूनं स्पर्श करून बाद करणं, म्हणजे टॅग. मी ‘शिवणे’ म्हणतो. शिवाशिवी सगळ्यांनी खेळलेली असते, शिकवावं लागत नाही. “नुसता बेस शिवलास तरी चालेल” आणि “आता त्याला शिवावं लागेल” या दोन वाक्यांत फोर्स आउट आणि टॅग आउट यांतला फरक संपतो. मागच्या बेसवरून दुसरा धावत येतोय आणि याला जागा सोडावीच लागतेय, तर बेस शिवायचा. नाहीतर माणूस.

तिसरा बेस :
शिवणे मुलांच्या तोंडी ठीक आहे. पण लिहिताना जरा थांबा. ‘शिवाशीव’ या शब्दामागे काय काय झालंय ते आपल्याला माहीत आहे. माझी आजी ‘शिवू नकोस’ म्हणायची ते खेळात नव्हे. प्रमाणपत्रावर किंवा नियमपुस्तिकेत ‘शिवून बाद’ वाचताना मला तरी टोचेल.

पेठकर :
शब्दाचा काय दोष? शिवणे म्हणजे स्पर्श करणे, इतकंच. शिंपीही शिवतो.

तिसरा बेस :
काका, दोष शब्दाचा नाही, पण टोचणं खरं आहे. ‘टेकवणे’ का नको? “चेंडू टेकव.” चेंडू किंवा चेंडूसकट ग्लोव्ह अंगाला टेकवायचा असतो ना, मग कृतीही नेमकी सांगते.

मुरूमकर :
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ‘टेकवून बाद’ चांगलंय, आणि हलकेच लावायचं हेही त्यात येतं. आमची पोरं चेंडू पाठीत हाणतात. लिहिताना टेकवणे, मैदानावर जे तोंडात येईल ते.

राहिला ‘प्रशिक्षक’. बेसबॉलमध्ये संघाचे निर्णय घेणाऱ्याला मॅनेजर म्हणतात आणि कोच त्याच्या हाताखाली. इनफिल्ड कोच बऱ्याचदा सामन्यात पहिल्या किंवा तिसऱ्या बेसपाशी उभा राहून धावणाऱ्याला ‘थांब, पळ’ करत असतो. आपल्याकडे मॅनेजर म्हणजे रेल्वेची तिकिटं आणि डबे बघणारा. म्हणून पालक मला ‘सर’ म्हणतात आणि आमच्या मॅनेजरना विचारतात, “गाडी किती वाजता?”

तालीमवाला :
‘वस्ताद’ लिहा की. आतल्या फळीचे वस्ताद.

मुरूमकर :
लिहिलं असतं, पण घरात कळलं तर जगणं अवघड होईल.

आज अप्पा बळवंत चौकातल्या छापखान्यात देऊन आलो : ‘प्रशिक्षक, आतली फळी’. छापखान्यातल्या काकांनी चष्मा वर करून विचारलं, “सुतारकामाचा वर्ग आहे का?” खाली ‘बेसबॉल’ असं ठळक टाका म्हणालो. प्रूफ उद्या मिळेल.